थांबलेला पंचम, उतरणारा तळ

फ्रेडरिक शोपँचं ई मायनरमधलं प्रेल्यूड (ओपस 28, क्रमांक 4) अवघ्या 25 बारचं आहे. 1839 साली प्रसिद्ध झालेल्या 24 प्रेल्यूडांपैकी हे एक. उजव्या हाताची सुरावट इतकी साधी, की पेटी शिकू लागलेल्यालाही काढता यावी. ई हा षड्ज धरला तर पहिले तीन बार ती पंचमावर थांबते, कोमल धैवताला स्पर्श करते, पुन्हा पंचमावर येते. एवढ्याने कुणाचा जीव कासावीस होत नाही. तो होतो डाव्या हातामुळे. कॉर्ड समजून घ्यायला याहून चांगली जागा मला माहीत नाही.

तशी व्याख्या सोपी: एक सोडून एक असे तीन स्वर एकत्र वाजवायचे. सा, शुद्ध ग, प म्हणजे मेजर. गांधार कोमल केला की मायनर. पण ही ओळख सुट्या कॉर्डची झाली. कॉर्डचा खरा स्वभाव एकातून दुसऱ्यात जाताना कळतो.

शोपँ सुरुवातीचा मायनर कॉर्डच उलटा मांडतो. स्वर तेच, पण तळाशी षड्जाऐवजी कोमल गांधार. त्यामुळे बैठक पक्की वाटत नाही. मग डावा हात दर बारला आठ आघात देत राहतो आणि कॉर्डमधला कधी हा, कधी तो स्वर हळूच खाली सरकतो, बहुतेकदा लगतच्या पट्टीवर. तळ कोमल गांधारावरून रिषभावर, मग कोमल रिषभावर, आणि चौथ्या बारमध्ये षड्जावर येतो. वाटतं, पोचलो. पण त्या षड्जावर आता शुद्ध गांधार आणि कोमल निषाद उभे आहेत! हा कॉर्ड विसाव्याचा नाही, पुढे ओढणारा आहे. मग सुरावटही पंचम सोडून तीव्र मध्यमावरून शुद्ध मध्यमावर उतरते.

तानपुऱ्यावर वाढलेल्या कानाला याचं नवल अधिक. आपल्याकडे षड्ज अढळ, म्हणून पंचमाचं त्याच्याशी नातं ठरलेलं. इथे पंचम जागचा हलत नाही, नातीच बदलतात. पहिल्या बारमध्ये तो कॉर्डमध्ये मिसळून गेलेला असतो. तिसऱ्यात तळाच्या कोमल रिषभापासून त्याचं अंतर सा ते तीव्र मध्यम एवढं, बोचणारं. तोच स्वर, तीच पट्टी, आणि तरी तो दुखरा होतो.

23व्या बारमध्ये तळाशी तीव्र मध्यम असलेला कॉर्ड येतो. तो आता पंचमावर जाणार हे कान ओळखतो, आणि नेमका तिथेच शोपँ विराम लिहितो. तो किती धरायचा हे वाजवणाऱ्यावर आहे. पुष्कळ जण उरकतात. मला लांबवलेला हवा, कारण कानाने ओळखलेला पंचम उशिरा मिळण्यातच त्याची किंमत आहे. मग अतिशय हळू तीन कॉर्ड, आणि शेवटच्यात मायनर कॉर्डच्या तळाशी एकदाचा षड्ज.

30 ऑक्टोबर 1849 रोजी पॅरिसच्या मादलेन चर्चमध्ये शोपँच्या अंत्यविधीला हे प्रेल्यूड ऑर्गनवर वाजलं. ऑर्गनवर धरलेला पंचम कायम भरलेला राहतो. पियानोवर तो वाजताक्षणी विरू लागतो, म्हणून डाव्या हाताने त्याच्याखाली दबूनच वाजवायला हवं.