कापसाची धूळ आणि श्वसनमार्गाचा दाह : ‘संरक्षक धूळ’ या सिद्धांताची वर्धा जिल्ह्याच्या संदर्भात चिकित्सा

प्रस्तावना

वर्धा जिल्हा हा विदर्भाच्या कापूसपट्ट्यातील एक महत्त्वाचा जिल्हा होय. हिंगणघाटच्या कापसाचे नाव एकोणिसाव्या शतकातच इंग्लंडच्या बाजारपेठेत पोहोचले होते. त्याच शतकाच्या उत्तरार्धात हिंगणघाट व पुलगाव येथे कापडगिरण्या उभ्या राहिल्या. पुढे सेवाग्राममुळे हाच जिल्हा खादीचेही केंद्र बनला. या जिल्ह्यात कापसाचा भाव, बोंडअळी आणि कर्ज यांवर विपुल लिहिले गेले. कापूस हाताळणाऱ्यांच्या छातीत जाणाऱ्या धुळीवर त्या मानाने फारच थोडे लिहिले गेले. दरम्यान, शेतातील धूळ श्वसनसंस्थेचे रक्षण करते असा एक विचार पाश्चात्त्य वैद्यकात दृढ झाला आहे. हा विचार वर्ध्याच्या कापूस उत्पादकाला व मजुराला कितपत लागू पडतो, याचे परीक्षण प्रस्तुत लेखात केले आहे.

सिद्धांताचे स्वरूप

१९८९ मध्ये डेव्हिड स्ट्रॅचन यांनी मांडलेल्या ‘स्वच्छता-गृहीतका’पासून या विचाराचा प्रारंभ होतो. बालपणी जंतुसंसर्ग कमी झाला की ॲलर्जीचे विकार वाढतात, असे त्याचे सार सांगता येईल. २००२ मध्ये जर्मनी, ऑस्ट्रिया व स्वित्झर्लंडच्या ग्रामीण भागातील ८१२ मुलांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. मुलांच्या गादीतील धुळीत एंडोटॉक्सिनचे प्रमाण जितके अधिक, तितके ॲलर्जिक दम्याचे प्रमाण कमी, असे त्यात आढळले. २०१५ मध्ये बेल्जियममधील संशोधकांनी उंदरांवरील प्रयोगांतून त्यामागील यंत्रणा दाखवली. अल्प मात्रेतील दीर्घकालीन संपर्कामुळे फुप्फुसाच्या अस्तरातील ‘ए-२०’ हे विकर ॲलर्जीची प्रतिक्रिया शमविते, असा त्यांचा निष्कर्ष होता. २०१६ मध्ये अमेरिकेतील आमिश व हटराइट या दोन शेतकरी समाजांच्या तुलनेने या विचाराला मोठे बळ मिळाले. आमिश घरांतील धुळीत एंडोटॉक्सिनचे प्रमाण हटराइट घरांच्या ६.८ पट होते आणि आमिश मुलांत दमा मात्र पुष्कळच कमी होता.

हे सर्व संशोधन काटेकोर आहे. दोष आहे तो त्याचा अर्थ ज्या सैलपणे लावला जातो त्यात. ‘मातीत वाढलेल्याला दमा होत नाही’ ही समजूत या संशोधनाच्या आधारे शास्त्रीय ठरवली जाते आणि शेतात राबणाऱ्याच्या खोकल्याकडे दुर्लक्ष करण्यास ती एक सोयीस्कर सबब ठरते.

सिद्धांताच्या मर्यादा

एंडोटॉक्सिन हा ग्रॅम-ऋण जिवाणूंच्या बाह्य आवरणाचा घटक होय. कापसाच्या बोंडाखालील वाळलेल्या पात्यांवर हे जिवाणू मोठ्या प्रमाणात वाढतात. ती पाती चुरगळून रुईत मिसळतात आणि त्यांचा चुरा हवेत उडतो. श्वासावाटे तो आत गेला की फुप्फुसातील संरक्षक पेशी ‘टीएलआर-४’ या ग्राहकाद्वारे एंडोटॉक्सिन ओळखतात व दाहकारक संदेशद्रव्ये सोडतात. त्यामुळे न्यूट्रोफिल पेशी श्वासनलिकांकडे धावतात, अस्तर सुजते आणि श्वासमार्ग अरुंद होतो. या प्रक्रियेला ॲलर्जीची आवश्यकता नसते. ॲलर्जिक दम्याची यंत्रणा वेगळी आहे. तीत आयजी-ई प्रतिपिंडे व इओसिनोफिल पेशी यांचा प्रमुख सहभाग असतो. म्हणूनच एका यंत्रणेपासून मिळालेले संरक्षण दुसरीला लागू होईलच असे मानता येत नाही. २००२ च्या अभ्यासातही ॲलर्जीविना होणाऱ्या घरघरीचा एंडोटॉक्सिनशी लक्षणीय संबंध आढळला नव्हता. म्हणजे त्या त्रासापुरते संरक्षण तेथेही सिद्ध झाले नव्हते.

उलट बाजूचा पुरावा कापसाच्याच धुळीतून मिळतो. १९८७ मध्ये अमेरिकेत प्रयोगशाळेतील पिंजणखोलीत निरोगी व्यक्तींवर झालेल्या प्रयोगांत फुप्फुसक्षमतेतील घट हवेतील एंडोटॉक्सिनच्या प्रमाणाशी निगडित असल्याचे दिसले. शांघायमध्ये १९८१ पासून ४४७ कापूसगिरणी कामगार व ४७२ रेशीमगिरणी कामगार यांचा अनेक दशके पाठपुरावा झाला. कापूस कामगारांची फुप्फुसक्षमता अधिक वेगाने घटल्याचे त्यातून आढळले. काम सोडल्यावर ती काही अंशी सुधारते, हेही दिसून आले. तात्पर्य, एकच द्रव्य गोठ्यालगत वाढणाऱ्या बालकाला अल्प मात्रेत उपकारक आणि कापसाच्या ढिगात काम करणाऱ्या प्रौढाला अपायकारक ठरू शकते. वय, मात्रा आणि कालावधी हे तीन घटक वगळून ‘शेतातील धूळ’ असा सरसकट शब्दप्रयोग करणे अशास्त्रीय होय.

वर्ध्यातील वास्तव

या जिल्ह्यात कापसाच्या धुळीशी संपर्क एका ठिकाणी संपत नाही. वेचणी बहुतांशी स्त्रियांच्या हातून होते. दिवाळीच्या सुमारास पहिला वेचा घरी येतो आणि समाधानकारक भाव मिळेपर्यंत अनेक कुटुंबांत कापूस राहत्या घरातच साठवला जातो. ज्या खोलीत कापूस, त्याच खोलीत स्वयंपाक आणि झोप, असे चित्र लहान घरांत अपरिहार्य ठरते. पुढे पऱ्हाटी चुलीत जाते व धुराची भर पडते. त्याच काळात सोयाबीनच्या मळणीची धूळही असते. अखेरीस जिनिंगमध्ये सरकी व रुई वेगळी होताना हवेत तंतू आणि काडीकचरा उडत राहतो. युरोपातील मुलांच्या गादीतील धूळ आणि ही धूळ यांची तुलना करताना हा फरक ध्यानात घेणे अगत्याचे आहे.

मोजमाप आणि कायदा

कापसाच्या धुळीने होणाऱ्या ‘बिसिनोसिस’ या विकारात सुट्टीनंतर कामावर परतलेल्या पहिल्या दिवशी छाती आवळल्यासारखी वाटते. क्ष-किरण चित्रात त्याची खास खूण दिसत नाही. रुग्णाची हकिगत आणि कामापूर्वी व कामानंतर केलेली फुप्फुसचाचणी यांवरच निदान अवलंबून असते. भारतीय कायद्याने हा व्यवसायजन्य रोग मानला आहे, ही जमेची बाजू होय. मात्र कायद्याची नजर प्रामुख्याने कारखान्यापुरती राहिली. विजेवर चालणाऱ्या कारखान्यासाठी १९४८ च्या मूळ अधिनियमात १० कामगारांची मर्यादा होती. नोव्हेंबर २०२५ मध्ये अमलात आलेल्या व्यवसाय सुरक्षा संहितेत ती २० आहे. वेचणारी मजूर स्त्री आणि घरातील कापसाची गंजी या दोन्ही चौकटींबाहेर राहतात. अमेरिकेच्या १९७८ च्या मानकानेही सूतनिर्मितीसाठी घनमीटरला २०० मायक्रोग्रॅम ही मर्यादा घातली, परंतु कापसाची वेचणी व जिनिंग त्यातून वगळले.

मोजमापाचीही हीच उणीव आहे. २००९ च्या राष्ट्रीय वायुगुणवत्ता मानकांनुसार पीएम-१० ची २४ तासांची मर्यादा घनमीटरला १०० मायक्रोग्रॅम आहे. हे धुळीचे वजन होय. रस्त्यावरील माती आणि पात्यांचा जिवाणूयुक्त चुरा त्यात सारखेच मोजले जातात. शिवाय जिनिंगचे काम हंगामी असल्याने ज्याला त्रास होतो तो पुढील हंगामात येतच नाही. कामावरील मजुरांचीच तपासणी केल्यास उरलेले सशक्त लोक तेवढे मोजले जातात आणि रोग कमी असल्याचा आभास निर्माण होतो.

समारोप

‘संरक्षक धूळ’ हा सिद्धांत बालकांच्या ॲलर्जीपुरता मोलाचा आहे. श्रमिकांच्या श्वसनदाहाचे उत्तर म्हणून तो वापरणे अनुचित ठरते. वर्ध्यात या प्रश्नाचा शोध घेण्याची साधने उपलब्ध आहेत. १९६९ मध्ये स्थापन झालेले सेवाग्रामचे वैद्यकीय महाविद्यालय खेड्यांशी जोडलेले आहे, सावंगी येथेही वैद्यकीय महाविद्यालय आहे. साध्या पीक-फ्लो मीटरने हंगामापूर्वी, हंगामात व हंगामानंतर नोंदी घेणे आणि काम सोडून गेलेल्यांचाही त्यात समावेश करणे शक्य आहे. पाती न मिसळता केलेली स्वच्छ वेचणी धूळ कमी करते आणि कापसाची प्रतही राखते. गावपातळीवर साठवणुकीची स्वतंत्र सोय झाल्यास झोपण्याच्या खोलीतील कापूस बाहेर निघेल. तथापि भाव मिळेपर्यंत थांबणे हा शेतकऱ्याचा नाइलाज आहे. म्हणून कापसाच्या धुळीचा प्रश्न वैद्यकाइतकाच बाजारव्यवस्थेचाही आहे, हे लक्षात घेऊनच त्याचा विचार व्हावयास हवा.