यादवीची नोंद : १८५८ ची छायाचित्रे आणि ‘माझा प्रवास’

(१)

इ. स. १८५८ च्या मार्च-एप्रिल या दोन महिन्यांत हिंदुस्थानात तीन ठिकाणी तीन वेगळ्या नोंदी आकार घेत होत्या. इंग्रजांनी लखनौ परत जिंकल्यावर फेलिस बिआटो हा छायाचित्रकार तेथे पोहोचला आणि उद्ध्वस्त शहराची छायाचित्रे घेऊ लागला. त्याच सुमारास मद्रास सरकारचा छायाचित्रकार कॅप्टन लिनीअस ट्राइप तंजावरच्या बृहदीश्वर मंदिरासमोर आपला कॅमेरा मांडून होता. आणि सर ह्यू रोजच्या फौजेने वेढलेल्या झाशीत वरसईचे भिक्षुक विष्णुभट गोडसे अडकून पडले होते. त्यांच्यापाशी कॅमेरा नव्हता. त्यांनी जे पाहिले ते सुमारे पंचवीस वर्षांनी कागदावर उतरले, आणि ‘माझा प्रवास’ या नावाने चिंतामणराव वैद्यांच्या संपादनाखाली १९०७ साली प्रसिद्ध झाले.

या तीन नोंदी सहसा एकत्र वाचल्या जात नाहीत. छायाचित्रांचा विचार कलेतिहासात होतो, गोडसे यांच्या ग्रंथाचा मराठी गद्याच्या किंवा प्रवासवर्णनाच्या इतिहासात. परिणामी छायाचित्र हा निर्विवाद पुरावा आणि प्रवासवृत्त ही रंजक आठवण, अशी एक श्रेणीव्यवस्था न तपासताच स्वीकारली जाते. या श्रेणीव्यवस्थेची फेरतपासणी करणे आवश्यक आहे.

१८५७-५८ च्या घटनांना बंड, गदर, स्वातंत्र्यसमर अशी अनेक नावे मिळाली. ‘यादवी’ हे नाव त्यांना सहसा दिले गेले नाही, आणि परकीय सत्तेविरुद्धच्या उठावाला ते सरसकट लावणे योग्यही नव्हे. तथापि झाशीवर चालून गेलेल्या सैन्यात मुंबई लष्कराच्या देशी पायदळ पलटणी आणि हैदराबाद कंटिंजंट होते. सिकंदरबागेवरील हल्ल्यात हायलँडर सैनिकांच्या बरोबरीने पंजाबी पायदळ होते. एका देशातील माणसे दोन्ही बाजूंनी लढत होती, हे या युद्धाचे अंग ‘यादवी’ या तौलनिक संकल्पनेमुळे ध्यानात येते. आणि नेमके तेच अंग छायाचित्रांत दिसेनासे झाले आहे.

(२)

आरंभीच्या युद्धछायाचित्रणाच्या मर्यादा प्रथमतः तांत्रिक होत्या. १८५१ मध्ये प्रचारात आलेल्या ओल्या कोलोडियनच्या पद्धतीत काच रसायनाने माखून ती वाळण्यापूर्वी प्रकाशात उघडावी व लगेच अंधाऱ्या तंबूत धुवावी लागे. प्रकाश दाखविण्याचा अवधी सेकंदांत मोजावा लागत असल्याने धावता घोडा अथवा उगारलेली तलवार काचेवर उमटणे जवळपास अशक्य होते. म्हणून या काळातील युद्धाचे छायाचित्र हे वस्तुतः युद्धानंतरचे छायाचित्र असते. जे हलत नाही तेच त्यात टिकते : पडकी भिंत, तोफ, प्रेत.

सिकंदरबागेच्या बिआटोकृत छायाचित्रात हे सारे एकवटले आहे. १६ नोव्हेंबर १८५७ रोजी तेथे सुमारे दोन हजार शिपाई मारले गेले. बिआटो पोहोचला तो चार महिन्यांनंतर. तरीही छायाचित्रात भग्न इमारतीपुढील अंगणात हाडे पसरलेली दिसतात. झाकलेले अवशेष छायाचित्रासाठी पुन्हा उघडे करविले गेले, असे सर जॉर्ज कॅम्बेल यांनी आपल्या १८९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आठवणींत नमूद केले आहे. म्हणजे प्रेक्षकाला जे घटनेचे ‘नंतर’ वाटते, ते या ‘नंतर’चीही पुनर्मांडणी आहे. हाडांमागे काही जिवंत हिंदी माणसे उभी आहेत. ती कोण, याचा छायाचित्रात मागमूस नाही. मृतही अनाम आहेत. अशी छायाचित्रे प्रामुख्याने ज्यांनी विकत घेतली त्या इंग्रज अधिकाऱ्यांच्या लेखी ती विजयाची स्मृतिचिन्हे होती.

अमेरिकेतील यादवी युद्धाशी तुलना केली असता हा मुद्दा अधिक स्पष्ट होतो. १७ सप्टेंबर १८६२ च्या अँटीटमच्या लढाईनंतर अलेक्झांडर गार्डनरने मृत सैनिकांची जी छायाचित्रे घेतली, ती पुढच्याच महिन्यात न्यू यॉर्कमधील मॅथ्यू ब्रेडीच्या दालनात मांडली गेली. तेथेही मांडणी होतीच. गेटिसबर्ग येथील ‘बंडखोर नेमबाजा’च्या गार्डनरकृत छायाचित्रातील प्रेत सुमारे चाळीस यार्डांवरून उचलून आणून ठेवलेले होते, हे विल्यम फ्रासानिटो यांनी १९७५ मध्ये दाखवून दिले. परंतु अँटीटमच्या छायाचित्रांतील मृत आणि त्यांच्याकडे पाहणारे एका दुभंगलेल्या समाजाचे घटक होते. प्रेक्षकाला आपला माणूस तेथे सापडण्याची शक्यता होती. लखनौच्या छायाचित्रांचा प्रेक्षकवर्ग मृतांच्या आप्तांचा नव्हता. तेव्हा प्रेत हलविले गेले किंवा हाडे उघडी केली गेली एवढ्याने भेद ठरत नाही. छायाचित्र कोणाच्या दृष्टीसाठी घडविले गेले, यावर तो ठरतो.

हे तंत्र हिंदी माणसांना अपरिचित होते, असे मात्र नाही. १८५४ मध्ये स्थापन झालेल्या मुंबईच्या फोटोग्राफिक सोसायटीत डॉ. भाऊ दाजी व डॉ. नारायण दाजी हे बंधू होते. लखनौत अहमद अली खान यांनी उठावापूर्वीच तेथील युरोपीय व हिंदी रहिवाशांची छायाचित्रे घेतली होती. कॅमेरा हिंदी हातांत होता. परंतु विजयानंतर रणभूमीवर फिरण्याची मुभा त्या हातांना नव्हती.

(३)

तंजावरची नोंद युद्धाची नाही, आणि म्हणूनच ती येथे प्रस्तुत ठरते. झाशीप्रमाणे तंजावर हेही मराठी राज्य. झाशी १८५४ मध्ये खालसा झाली; १८५५ मध्ये दुसरे शिवाजीराजे निपुत्रिक निवर्तल्यावर तंजावरचीही तीच गत झाली. झाशीने शस्त्र उचलले. तंजावरच्या कामाक्षीबाई राणीसाहेबांनी न्यायालयाचा मार्ग धरला. परंतु १८५९ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने तंजावरचा ताबा हे राज्यसत्तेचे कृत्य असल्याने न्यायालयाला त्यात हात घालता येत नाही, असा निर्णय दिला.

या दोन घटनांच्या मधल्या काळात ट्राइप तंजावरला आला. त्याने बृहदीश्वर मंदिराच्या जोत्यावरील चोलकालीन शिलालेखांची ओळीने छायाचित्रे घेतली. त्यांच्या एकवीस प्रती जोडून सुमारे एकोणीस फूट लांबीची सलग पट्टी तयार झाली. निगेटिव्हवर रंगाचा हात फिरवून आकाश आणि झाडी सुधारण्याची त्याची रीत होती. निवांत वास्तूंच्या छायाचित्रांतही मानवी हस्तक्षेप असतो, याचा हा दाखला होय. या मंदिराच्या आवारात दुसऱ्या सरफोजींनी १८०३ मध्ये कोरविलेला भोसले वंशाचा विस्तृत मराठी शिलालेख आहे. ज्या घराण्याने आपला इतिहास दगडावर लिहवून घेतला, त्याचे राज्य जाऊन तीन वर्षेही झालेली नसताना कॅमेऱ्याने तेथील दगड जतन केले. राज्य कसे गेले, हे त्या दगडांवरून कळत नाही. युद्ध नसलेल्या ठिकाणीही छायाचित्र केवळ स्थळ देते. संघर्ष त्याच्या चौकटीबाहेर राहतो.

ट्राइपच्या संग्रहाच्या शीर्षकात तंजावर व तिरुवाडी ही दोन नावे आहेत. याच कावेरीकाठच्या प्रदेशात कुंभकोणमजवळ तिरुनीलक्कुडी हे लहान गाव आहे. तेथील शिवावरील आपल्या पदांत संतकवी अप्पर यांनी, विरोधकांनी आपल्याला दगडाशी बांधून पाण्यात लोटले होते आणि ईश्वरनामाने आपण तरलो, असे प्रथमपुरुषी सांगितले आहे. ही श्रद्धेची वाणी आहे, तिच्याकडून इतिवृत्ताची अपेक्षा नाही. परंतु ज्याच्यावर छळ ओढवला त्याच्याच तोंडून तो नोंदला जावा आणि गायनाच्या परंपरेने गावाशी बांधलेला राहावा, ही साक्षीची जुनी पद्धत तीत दिसते. छायाचित्र ज्याच्याविषयी असते त्याला बोलू देत नाही. या पद्धतीत तोच बोलतो.

(४)

गोडसे यांची साक्ष या दुसऱ्या जातीची आहे. मथुरेस बायजाबाई शिंदे यांच्या यज्ञाला दक्षिणेच्या आशेने निघालेला हा गरीब भिक्षुक युद्धाचा इतिहासकार होण्याच्या इराद्याने घराबाहेर पडला नव्हता. झाशी पडल्यानंतरचे त्यांचे वर्णन कॅमेऱ्याला असाध्य अशा तीन गोष्टी साधते. पहिली, कालक्रम. लूट एका दृश्यात न येता दिवसांच्या ओघात येते : मौल्यवान धातूंपासून भांडीकुंडी, कपडालत्ता आणि धान्यापर्यंत. दुसरी, आतली बाजू. छायाचित्र भिंत बाहेरून दाखविते. गोडसे त्या भिंतीआड लपले आहेत, आणि सोजीर घराची झडती घेत असताना श्वास रोखून बसण्याचा अनुभव सांगतात. तिसरी, नावे. जळणारा हलवाईपुरा, नासधूस झालेला ग्रंथसंग्रह, आसरा देणारी घरे यांना ते नावानिशी किंवा स्थानानिशी ओळखतात. बिआटोच्या अंगणातील हाडांना जे लाभले नाही, ते झाशीच्या मृतांना अंशतः तरी लाभले.

मात्र एवढ्यावरून प्रवासवृत्ताला छायाचित्राच्या जागी बसविणे म्हणजे जुनी श्रेणीव्यवस्था केवळ उलटी करणे होय. गोडसे यांनी दिल्ली-कानपूरकडचे बरेच ऐकीव सांगितले आहे. त्यांच्या तारखांवर सर्वत्र विसंबता येत नाही. भिक्षुकाच्या नजरेला यजमानवर्ग जितका दिसतो तितके इतर दिसत नाहीत. त्याहून महत्त्वाचे म्हणजे १९०७ ची संहिता वैद्यांच्या हाताखालून गेलेली आहे. दत्तो वामन पोतदार यांनी १९६६ मध्ये मूळ हस्तलिखितानुसार पाठ प्रसिद्ध केल्यावर भाषेत व मजकुरात झालेल्या फेरफारांची व्याप्ती उघड झाली. सरकारी रोषाची धास्ती असलेल्या काळात ग्रंथ प्रकाशात आणणाऱ्या संपादकाचे ऋण मान्य करूनही असे म्हणावे लागते की, येथेही कोणीतरी दृश्य ‘सावरले’ आहे.

मूळ हस्तलिखित आणि छापील ग्रंथ यांचे नाते काहीसे निगेटिव्ह आणि प्रत यांच्यासारखे आहे. दोहोंच्या मध्ये एक हात असतो. परंतु निगेटिव्ह ही देखील शुद्ध सत्याची जागा नव्हे. कॅमेरा कोठे रोवायचा हे तत्पूर्वीच ठरलेले असते. तसेच काय आठवायचे, हे हस्तलिखिताच्याही आधी ठरलेले असते.

(५)

आरंभीचे छायाचित्र यादवीचा पुरावा म्हणून वापरताना म्हणूनच दोन पथ्ये पाळावी लागतील. झाशीच्या वृत्तांताशेजारी लखनौचे छायाचित्र केवळ सजावट म्हणून छापले, तर एका शहराचे मृत दुसऱ्या शहराच्या नावावर जमा होतात आणि वाचकाला खोटी खात्री मिळते. झाशीच्या संहाराचे समकालीन छायाचित्र गोडसे यांच्या मजकुराजवळ नाही, ही उणीव रिकामीच ठेवली पाहिजे. कारण कॅमेरा कोणाबरोबर चालत होता, हे ती रिकामी जागाच सांगते. दुसरे पथ्य असे की, खरे कोणते हा प्रश्न विचारण्यापूर्वी प्रत्येक नोंदीत हात कोठे पडला आहे, याचा शोध घ्यावा : हाडांवरील माती कोणी दूर केली, आकाशात ढग कोणी रंगविले, भिक्षुकाचे वाक्य कोणी सरळ केले. वैद्य व पोतदार यांच्या पाठांची ओळीगणिक तुलना या कामाचा एक भाग असून, बिआटोच्या छायाचित्रांत उभ्या असलेल्या अनाम माणसांकडे पाहण्याची दृष्टी त्यातूनच घडू शकेल. ती माणसे मृतांच्या बाजूची होती की मारणाऱ्यांच्या, हे छायाचित्र सांगत नाही. त्यांना तेथे उभे राहावे लागले, एवढे मात्र ते निश्चित सांगते.