दिवा लागला, पुढे काय?

आज्ञावली लिहायला शिकवणाऱ्या बहुतेक पुस्तकांचा पहिला धडा ठरलेला असतो: पडद्यावर एक वाक्य उमटवणे. एकाच फलकावर मावणाऱ्या छोट्या संगणकांच्या बाबतीत या वाक्याची जागा लुकलुकणाऱ्या दिव्याने घेतली आहे. गॉर्डन विल्यम्स यांचा ‘एस्प्रुइनो’ हा फलकही त्याला अपवाद नाही. २०१३ साली लोकवर्गणी जमवून त्याची निर्मिती झाली. १९९५ मध्ये वेब-पानांसाठी जन्मलेली जावास्क्रिप्ट ही भाषा त्यावर थेट चालते. शाळेच्या प्रयोगशाळेत हे साधन कितपत उपयोगी पडेल, हे येथे पाहू.

आधी जमेची बाजू. पहिल्या एस्प्रुइनोत ७२ मेगाहर्ट्झ गतीचा मायक्रोकंट्रोलर आणि अवघी ४८ किलोबाइट चल स्मृती होती. अर्डुइनोसारख्या फलकासाठी आज्ञावली आधी पूर्ण लिहावी लागते, मग मोठ्या संगणकावर तिचे यंत्रभाषेत रूपांतर होते आणि त्यानंतर ती फलकावर चढते. एस्प्रुइनोला मात्र एक ओळ टंकून पाठवली की तो लगेच उत्तर देतो. एक अधिक दोन विचारा, तो तीन सांगतो. दिव्याला १ द्या, तो लागतो. ० द्या, विझतो. चूक झाली तर तीही तिथल्या तिथे कळते. नवशिक्या विद्यार्थ्याचा धीर टिकवायला एवढे पुरेसे असते.

दुसरा गुण अधिक मोलाचा आहे. ‘सेटवॉच’ या आज्ञेने आपण फलकाला सांगतो, की अमुक तारेवरचा विद्युतदाब बदलला की तमुक काम कर. ते काम करताना बदल कधी झाला ही वेळही हाती मिळते. साध्या दोलकाने प्रकाशाचा झोत अडवला की वेळ नोंदव, असे मनात आले की जवळजवळ तसेच लिहिता येते. दोलकाचा आवर्तकाल मोजायला याहून सोपी सुरुवात शोधूनही सापडणार नाही.

आमचा आक्षेप आहे तो दिव्यापाशी थांबणाऱ्या सुरुवातीला. दिवा लागतो किंवा लागत नाही. त्यात मोजण्यासारखे काही नसते. विज्ञानाच्या तासाला खरी गरज मोजमापाची, आणि नेमका तेथेच हा फलक गाफील विद्यार्थ्याला चकवू शकतो.

‘अ‍ॅनालॉगरीड’ ही आज्ञा विद्युतदाब ० ते १ या पट्टीवर सांगते. उत्तर लांबलचक दशांश अपूर्णांकात येते. आतली मापनपट्टी मात्र ४०९६ पायऱ्यांची आहे. म्हणजे एक पायरी सुमारे ०.०००२४ एवढी. चौथ्या दशांशस्थळीच संशय सुरू होतो, त्यापुढचे अंक निव्वळ शोभेचे. विद्यार्थी मात्र ते सगळे प्रयोगवहीत उतरवून घेतो.

तापमानाचे उदाहरण तर याहून बोलके आहे. एका आज्ञेसरशी फलक तापमान सांगतो, पण ते खोलीचे नसून चिपच्या आतले असते. यूएसबी तारेने वीज पुरवली असेल, तर हा आकडा खोलीच्या तापमानापेक्षा दहा अंशांहूनही वर जाऊ शकतो. शिवाय एका चिपचा आकडा दुसरीशी जुळेलच असे नाही. निर्मात्यांच्या संदर्भपुस्तिकेत हे स्पष्ट लिहिले आहे. पण दिवा लावून पुढे निघालेला विद्यार्थी ती पुस्तिका उघडतोच असे नाही.

म्हणून शिक्षकांना आमची सूचना अशी. पहिल्या तासाला दिवा जरूर लावावा. दुसऱ्या तासाला फलकाशेजारी काचेची तापमापी ठेवावी, दोन्हींची दहा-दहा वाचने घ्यावीत आणि ती का जुळत नाहीत हे वर्गाला विचारावे. नंतर थर्मिस्टर जोडून वितळत्या बर्फात व कोमट पाण्यात त्याची वाचने तापमापीशी ताडून पाहावीत. किती अंक लिहायचे आणि किती सोडायचे, हे विद्यार्थ्यांनीच ठरवावे.

खर्चाबद्दल एक गोष्ट सांगायला हवी. एस्प्रुइनोची आज्ञावली मुक्त आहे, ती मायक्रोबिटसारख्या इतर काही फलकांवरही चढवता येते. शाळेच्या कपाटात तसा फलक आधीच असेल, तर नवा घेण्यापूर्वी त्यावर प्रयत्न करून पाहावा.

साधन चांगले आहे आणि त्याची शिफारस करायला आम्हाला संकोच वाटत नाही. मात्र फलकाने दिलेला आकडा हे उत्तर नसून तपासायचे विधान आहे, ही सवय शिक्षकालाच लावावी लागेल.