‘इंजिनाला श्वास मोकळा केला’ म्हणजे नेमकं काय केलं?

मांजरसुंब्याहून कपिलधारकडे उतरताना चुलतभावाच्या गाडीचं मागचं चाक सटकलं. पडलो नाही एवढंच. टायरवरून बोट फिरवलं तर ऑइल! मूळ ९७.२ सीसीच्या गाडीचं बोअर वाढवलेलं, आणि मेकॅनिकने ब्रीदरची नळी एअर फिल्टरच्या डब्यातून काढून खाली मोकळी सोडलेली. का, तर ‘इंजिनाला श्वास मोकळा होतो’.

हे म्हणणं अर्धं खरं आहे, म्हणूनच ते तपासायला हवं.

आधी खरा अर्धा भाग. बोअर ५० मिमी, स्ट्रोक ४९.५ मिमी. पिस्टन खाली आला की त्याच्याखालची, क्रँककेसमधली जागा ९७ सीसीने आक्रसते. ६,००० आरपीएमला हे सेकंदाला १०० वेळा होतं. समजा, बोअर ५७ मिमी केलं. तर हाच आकडा १२६ होतो, म्हणजे ३० टक्के जास्त. नळी मात्र तेवढीच! मग दाब सील आणि गॅस्केटमधून वाट काढतो. दाबाला वाट हवी, इथपर्यंत मेकॅनिक बरोबर.

आता चूक बघा. पिस्टन वर गेला की तीच नळी हवा आत ओढते. तिचं तोंड रस्त्याकडे असेल तर आपल्याकडची धूळ ऑइलमध्ये जाणार आणि रिंगा, बेअरिंग खाणार. शिवाय रिंगांच्या फटीतून निसटलेला वायू, न जळलेलं पेट्रोल, वाफ आणि ऑइलचे थेंब घेऊन बाहेर पडतो. आमच्या टायरवर आलं ते हेच. भारत स्टेज ६च्या (एप्रिल २०२०) नियमांत हा वायू थेट हवेत सोडायला परवानगी नाही, ती उगाच नाही.

मग करायचं काय? नळी रुंद घ्या. मध्ये एकमार्गी रीड व्हॉल्व्ह बसवा, म्हणजे हवा बाहेर जाईल, आत येणार नाही. पुढे ऑइल साठायला डबी लावा, ती वेळोवेळी रिकामी करा, आणि तिथून नळी परत फिल्टरच्या डब्यात न्या. नळीला मध्ये झोल नको, तिथे ऑइल साचून वाटच बंद होते. पण सगळ्यात आधी कॉम्प्रेशन तपासा. रिंगाच झिजल्या असतील तर नळीचे उपाय म्हणजे वरवरची मलमपट्टी.

यातून पॉवर फारशी वाढणार नाही, हेही सांगून टाकतो. वाचेल ते इंजिन, आणि माणूस. कार्तिकी पौर्णिमेला हाच रस्ता यात्रेने भरतो. आपलं सांडलेलं ऑइल आपल्याच चाकाखाली येईल असं नाही. मागून येणाऱ्याच्याही येतं.