‘शेतकऱ्याचा असूड’ : माती आणि आरोग्य

जोतीराव फुले यांचा ‘शेतकऱ्याचा असूड’ (१८८३) हा ग्रंथ अभ्यासक प्रायः सामाजिक व आर्थिक टीकेचा ग्रंथ म्हणून वाचीत आले आहेत. हे वाचन अयथार्थ नाही. परंतु ते अपुरे आहे. शेतकऱ्याची देहप्रकृती आणि त्याच्या जमिनीचा कस हे दोन्ही विषय या ग्रंथात शेजारी शेजारी आले आहेत, याकडे त्यामुळे दुर्लक्ष होते.

चौथ्या प्रकरणात फुले शेतकऱ्याच्या घरात शिरतात. निकस अन्न, अपुरे वस्त्र आणि घराभोवतीची घाण यांचे चित्र ते निष्ठुर तपशिलाने रेखाटतात. पाचव्या प्रकरणात उपाय येतात. डोंगरावरील पालापाचोळ्याचा व मृत जीवांचा कुजलेला सार पावसाबरोबर वाहून जाऊ नये म्हणून ताली व बंधारे घालावेत, गायराने गावांना परत द्यावीत, असे ते सांगतात. कुजणारे द्रव्य दाराशी रोगाचे कारण ठरते. शेतात तेच पिकाचे सत्त्व होते. मात्र या दोन प्रकरणांतील दुवा वाचकालाच जुळवावा लागतो, ही या विवेचनातील उणीव होय.

इंदूर येथे १९२४ ते १९३१ या काळात शेण व काडीकचरा कुजवून खत करण्याची पद्धती बसविणाऱ्या आल्बर्ट हॉवर्ड यांनी तो दुवा पुढे सिद्धान्तरूपाने मांडला. माती, पीक, जनावर व मनुष्य यांचे आरोग्य त्यांनी एकच विषय मानला.

‘असूडा’ची दुसरी मर्यादा काळाची आहे. त्यातील देह अभावाने खंगलेला आहे. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशके फवारताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. ही बाधा फुल्यांना ठाऊक असणे शक्य नव्हते. तथापि रोग देहात दिसला तरी त्याचे मूळ शेतीव्यवस्थेत शोधावे, ही त्यांची दृष्टी येथेही लागू पडते.

या वाचनाचे प्रयोजन केवळ ऐतिहासिक नाही. मुळशी तालुक्यातील सूस हे गाव २०२१ मध्ये पुणे महानगरपालिकेत समाविष्ट झाले. गावाचे नगर होताना उकिरड्याचे रूपांतर कचराकुंडीत होते. जे शेतात परतावयाचे ते केवळ आरोग्यखात्याचे ओझे ठरते. शेताला मात्र खत विकत घ्यावे लागते. हा तुटलेला दुवा ओळखावयाचा तर चौथे आणि पाचवे प्रकरण एकत्रच वाचले पाहिजे.