सॉल्टमार्शच्या पूर्वेला, चार मैलांवर

दक्षिण किनाऱ्यावर मासेमारीचं एक लहानसं बंदर आहे. तिथून पूर्वेला चार मैलांवर, जुन्या किनारी वाटेलगत, समुद्राकडे तोंड करून एक ओसाड वाडा उभा आहे. वीस वर्षांपूर्वी तिथे एक दुर्लौकिकाचा वृद्ध किमयागार राहत असे. आता गावकरी तिकडे फिरकत नाहीत. 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'च्या खेळासाठी १९८१ साली आलेलं 'द सिनिस्टर सीक्रेट ऑफ सॉल्टमार्श' हे साहस एवढ्याच भांडवलावर उभं राहतं. डेव्ह ब्राउन आणि डॉन टर्नबुल या इंग्रज जोडीने ते रचलं. पण त्याच्या पायाखालची जमीन मात्र त्यांची नव्हे, ती अमेरिकेतल्या गॅरी गायगॅक्सच्या ग्रेहॉक या कल्पित जगाची.

त्या जमिनीकडे जरा निवांत पाहू. १९८० साली ग्रेहॉकची पुस्तिका निघाली आणि तिच्यासोबत डार्लीन या चित्रकर्तीने काढलेला नकाशा आला. मधाच्या पोळ्यासारखे षट्कोन, प्रत्येक षट्कोन तीस मैलांचा, त्यांवरून सरकणारे डोंगर, अरण्यं आणि नद्या. पुस्तिकेत प्रत्येक राज्याची ओळख जेमतेम काही ओळींची: राजा कोण, वस्ती किती, वैर कुणाशी. आपल्यासारख्या चोखंदळ वाचकाला खरी गोडी लागते ती या ओळींमधल्या मोकळ्या जागांची. कीओलँडचं राज्य आहे, निळा अझूर समुद्र आहे, त्याच किनाऱ्यावर पुढे चाचेगिरीतून वर आलेल्या 'सी प्रिन्सेस'ची सत्ता आहे. पण या सगळ्याच्या मध्ये एखादं खारट वाऱ्याचं गाव वसवायला कुणाचीच आडकाठी नाही.

म्हणून खेळ चालवणारा डन्जन मास्टर जेव्हा मित्रांपुढे नव्या साहसाचा प्रस्ताव ठेवतो, तेव्हा 'कीओलँडचा किनारा' एवढे दोन शब्द अर्ध्याहून अधिक काम करून जातात. कीर्तनकाराने मथुरेचं नाव घ्यावं आणि पुढचं नगरवर्णन श्रोत्यांनी मनातच पुरं करावं, तसंच हे. स्वतःचं अख्खं जग नव्याने उभारून सांगू लागणाऱ्या उत्साही मंडळींचं मला कौतुक आहे, पण त्यांच्या तीन युगांच्या वंशावळी ऐकताऐकता चहा गार होतो, हेही खरं!

आणि वाड्यातलं भूत? (ज्यांना हे साहस अजून खेळायचं आहे, त्यांनी हा परिच्छेद गाळावा.) ते भूत नव्हेच, तस्करांनी पसरवलेला भयाचा देखावा आहे तो, आणि रात्री वाड्यातून लुकलुकणारा कंदील 'सी घोस्ट' या त्यांच्या जहाजासाठी असतो. जहाजातली शस्त्रं सरडमानवांकडे चालली आहेत हे कळताच घरापुरतं वाटलेलं गूढ साऱ्या किनाऱ्याचं होतं. आणि पुढच्या भागात, १९८२ साली, ते सरडमानवही शत्रू नसून स्वतःच समुद्रातल्या एका क्रूर जमातीशी झुंजत असल्याचं उलगडतं. उसन्या जगाला इथे खरीखुरी भर पडते.

मला सर्वांत लोभस वाटते ती मात्र लेखकांनी न केलेली गोष्ट. वाड्याची खोली न् खोली त्यांनी रेखली. खुद्द सॉल्टमार्श गावाचा नकाशा दिलाच नाही. गायगॅक्सने त्यांच्यासाठी किनारा मोकळा ठेवला, त्यांनी आपल्यासाठी गाव. तेव्हा पुढचा प्रस्ताव मांडताना नवा खंड शोधू नका; या बंदरातली एक गल्ली घ्या, तिथल्या एका खानावळवालीला नाव द्या, आणि मित्रांना बोलवा.