नाडी, श्वास आणि मेंदूच्या लहरींची कला

प्रेक्षकाच्या किंवा कलावंताच्या शरीरातून मिळणारे संकेत, म्हणजे नाडीचे ठोके, श्वास, स्नायूंचा ताण, मेंदूतील विद्युत्लहरी, यांवर ज्या कलाकृतीतील ध्वनी आणि प्रकाश बदलतात, तिचा इतिहास सुमारे साठ वर्षांचा आहे. तिची साधने वैद्यकातून आली. माणसाच्या मेंदूचा विद्युत्‌आलेख हान्स बर्गर यांनी १९२४ साली जर्मनीत प्रथम टिपला.

तो आलेख रंगमंचावर आणला ॲल्विन ल्युसियर यांनी. १९६५ साली अमेरिकेतील ब्रँडाइस विद्यापीठाच्या रोझ कला संग्रहालयात त्यांनी ‘म्युझिक फॉर सोलो परफॉर्मर’ सादर केले, तेव्हा ते डोक्याला इलेक्ट्रोड लावून, डोळे मिटून स्वस्थ बसले होते. मेंदूच्या अल्फा लहरी सेकंदाला साधारण ८ ते १२ आवर्तनांच्या असतात; माणसाच्या कानाला सुमारे २० आवर्तनांखालचे ऐकू येत नाही. ल्युसियर यांनी त्या लहरी वाढवून ध्वनिक्षेपकांत सोडल्या आणि ध्वनिक्षेपकांच्या थरथरीने तालवाद्ये वाजवली. डोळे उघडले, मन कशात गुंतले, की अल्फा लहरी ओसरतात. म्हणजे वाजवण्याचा प्रयत्न केला की वाद्य गप्प होते. एकाच प्रयोगात इतका मूलभूत विचार मांडणारी कृती या क्षेत्रात पुढे क्वचितच झाली. डेव्हिड रोझनबूम यांनी १९७० साली ‘इकॉलॉजी ऑफ द स्किन’मध्ये अनेकांचे संकेत एकत्र आणले आणि प्रेक्षकही कृतीत सामील झाले.

या कलेचे मर्म, आणि तिचे दुखणेही, संकेत आणि परिणाम यांच्या जोडणीत आहे. संगणकात शिरलेला संकेत हा केवळ आकडा असतो. त्यातून निळा रंगही काढता येतो आणि सनईचा सूरही. जोडणी मनमानी असली तर पडद्यावरचे चित्र आपलेच आहे की आधीच भरून ठेवलेले, हे सहभागी माणसाला कळत नाही. मेंदूलहरी टिपणारे स्वस्त पट्टे आल्यापासून अशा कृती वाढल्या. कपाळाचे स्नायू आणि पापण्यांची उघडझाप यांचे संकेत मेंदूच्या संकेतांहून कितीतरी जोरकस असतात आणि त्यांत मिसळतात. शिवाय वाढलेल्या ठोक्यांवरून भीती की आनंद हे ठरवता येत नाही. ‘तुमच्या भावना पाहा’ असे सांगणारी कृती म्हणूनच प्रेक्षकाची फसवणूक करते.

श्वासाची जोडणी अधिक प्रामाणिक ठरली. चार डेव्हिस यांच्या ‘ऑस्मोस’ (१९९५) या आभासी सृष्टीत छातीभोवतीचा पट्टा श्वास मोजतो: श्वास घेतला की माणूस वर तरंगतो, सोडला की खाली उतरतो, झुकला की त्या दिशेला सरकतो. डेव्हिस स्वतः पाण्यात खोल बुडी मारून पोहणाऱ्या. पाण्याखाली फुप्फुसांतल्या हवेने शरीर असेच वरखाली होते. त्यामुळे नियम वेगळा शिकावा लागत नाही.

राफाएल लोसानो-हेमर यांच्या ‘पल्स रूम’मध्ये (२००६) छताला शंभरावर दिवे टांगलेले असतात. नाडी टिपणाऱ्या दांड्या हातांत धरणाऱ्याच्या ठोक्यांवर जवळचा दिवा लुकलुकतो. हात सोडला की क्षणभर अंधार होतो, ती लय पुढच्या दिव्यात सरकते आणि सर्वांत जुनी लय पुसली जाते. क्रिस्तियाँ बोल्तान्स्की यांनी याच्या उलट मार्ग धरला. त्यांनी २००८ पासून जमवलेले लोकांच्या हृदयाचे ठोके जपानच्या तेशिमा बेटावर २०१० पासून जपून ठेवले आहेत. एकात विसर्जन आहे, दुसऱ्यात संग्रह. दोन्हींत ठोका ठोकाच राहतो, म्हणून दोन्ही कृती या कलेत सर्वांत टिकाऊ वाटतात.

यंत्रांचे मात्र तसे नाही. ‘ऑस्मोस’ ज्या सिलिकॉन ग्राफिक्स संगणकांवर चालत असे ते कालबाह्य झाले, आणि ‘पल्स रूम’ला लागणारे तंतूचे दिवे अनेक देशांच्या बाजारांतून हटवले गेले. तेशिमाच्या संग्रहात जाणारा माणूस आजही स्वतःचे ठोके नोंदवून तेथे ठेवू शकतो.